नदी खोदून जिवंत होत नाही

गेल्या दहा-बारा वर्षांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वभागात ‘नदी पुनरुज्जीवन’ हा परवलीचा शब्द झाला आहे. खटाव-खानापूरची येरळा, माण-आटपाडीची माणगंगा, खानापूर-तासगाव-कवठेमहांकाळची अग्रणी या नद्यांच्या नावाने शुभारंभ झाले, जलपूजने झाली, यंत्रांपुढे नारळ फुटले आणि भरलेल्या पात्रांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या चारा-छावण्या आणि टँकर पाहिले, तेथे पाण्याने भरलेले पात्र पाहून माणसाचा ऊर भरून यावा यात नवल नाही. त्या आनंदाची टवाळी करणे हे आपले काम नव्हे. परंतु या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे आणि तो विचारणे हे मात्र आपलेच काम आहे. तो प्रश्न असा : नदी जिवंत झाली म्हणजे नेमके काय झाले?

शासकीय अहवालाचे उत्तर ठरलेले आहे. इतके घनमीटर गाळ काढला, इतके किलोमीटर पात्र रुंद व खोल केले, इतके सहस्र घनमीटर पाणी साठले. पुढाऱ्याचे उत्तर त्याहून सोपे : पाणी दिसते आहे, आणखी काय हवे? ठेकेदाराला उत्तर द्यावे लागत नाही, कारण त्याचे देयक मंजूर झालेले असते. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. तिन्हींच्या लेखी नदी म्हणजे पाण्याची एक लांबट टाकी आहे. ती रिकामी असली की मेलेली आणि भरली की जिवंत!

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. पात्रात पाणी दिसणे म्हणजे नदी जिवंत होणे नव्हे. नदी आपले काम पुन्हा करू लागली, तरच ती जिवंत झाली. आणि नदीचे काम सर्वांच्या मालकीचे राहिल्याखेरीज टिकत नाही. म्हणूनच हा प्रश्न पर्यावरणवाद्यांच्या छंदाचा नाही, मालकीचा आणि वाटपाचा आहे.

नदी काय काम करते?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘साठा’ आणि ‘प्रवाह’ यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो. कोठारातील धान्य हा साठा. शेतातून दरसाल निघणारे पीक हा प्रवाह. कोठार भरलेले आहे म्हणून शेत सुपीक आहे असे कोणी म्हणत नाही. नदीच्या बाबतीत मात्र आपले नियोजनकार हीच गफलत दररोज करतात.

येरळेसारखी नदी घ्या. खटाव तालुक्याच्या डोंगरात ती उगम पावते आणि पलूस-तासगावच्या शिवारांतून जाऊन ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून शे-सव्वाशे किलोमीटरवरील माण-आटपाडीच्या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास येतो. अशा पट्ट्यातील नदी बारमाही खळाळती कधीच नव्हती. पावसाळ्यात वाहणारी, हिवाळ्यात मंदावणारी आणि उन्हाळ्यात वाळूखालून चालणारी अशी ती नदी होती. ‘वाळूखालून चालणारी’ हा केवळ अलंकार नव्हे. जाड वाळूच्या थराच्या आकारमानाचा अदमासे तिसरा हिस्सा पोकळ असतो आणि त्या पोकळ्यांत पाणी राहते. त्या पाण्याला ऊन लागत नाही, वारा लागत नाही. म्हणून ते उघड्या तळ्यातल्यासारखे उडून जात नाही. चैत्र-वैशाखात पात्रात हातभर खड्डा करून बायका वाटीवाटीने घागर भरीत, ते हे पाणी. काठच्या विहिरींना पाझर होता, तोही त्याच थराचा.

वाळू पाणी धरते, तशी ती पाणी शुद्धही करते. वाळूच्या कणाकणावर सूक्ष्म जिवाणूंचा पातळ थर असतो. वरच्या, हवा खेळणाऱ्या भागातील जिवाणू सेंद्रिय घाण कुजवून खातात. खालच्या, प्राणवायू नसलेल्या भागातील जिवाणू पाण्यातील नायट्रेटचे विघटन करून त्यातील नत्र वायुरूपाने हवेत परत पाठवितात. आज शेतांत ओतला जाणारा युरिया जेव्हा निचऱ्यावाटे ओढ्याला येतो, तेव्हा त्याचा बंदोबस्त करणारी ही यंत्रणा कोणत्याही पालिकेच्या अंदाजपत्रकात नसते. ती फुकट काम करते. वाळू गेली की हे कामही थांबते.

काठावरच्या करंज, उंबर, जांभूळ या झाडांची पाने पाण्यात पडतात. प्रथम बुरशी त्यांना मऊ करते, मग तळाचे कीटक ती कुरतडतात. ते कीटक मासे खातात आणि मासे माणूस व पक्षी खातात. झाडांच्या सावलीने पाणी थंड राहते आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. उन्हाळ्यात प्रवाह तुटला की डोह हे मरळ आणि वाम यांसारख्या माशांचे आश्रयस्थान होते. पहिला पूर आला की तेथूनच ते पुन्हा नदीभर पसरतात. पुराचे पाणी मळईवर चढते, वेग टाकते, गाळ ठेवते, जमिनीत मुरते आणि उरलेले सावकाश परतते. पाणी साठविणे, गाळणे, अन्न पुरविणे, गाळ वाहणे, पूर पसरविणे ही सारी नदीची कामे आहेत. शास्त्रज्ञ याला परिसंस्थेचे कार्य म्हणतात. आपण सरळ नदीचे श्रम म्हणू. आणि ज्या श्रमाला मजुरी द्यावी लागत नाही, तो श्रम भांडवलाला कधीच दिसत नाही!

हे श्रम थांबले की काय होते, याचा अनुभव येरळा जिला मिळते त्या कृष्णेच्या काठाने घेतला आहे. २०२२ साली आणि पुन्हा २०२३ साली सांगली-अंकलीच्या पट्ट्यात मेलेल्या माशांचे थर पाण्यावर तरंगले. त्यामागची साखळी गुंतागुंतीची नाही. मळी किंवा मैलापाण्यासारखी सेंद्रिय घाण एकदम नदीत आली की ती कुजविणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात. लिटरला चार मिलिग्रॅमखाली प्राणवायू उतरला की बहुतेक मासे धापा टाकू लागतात आणि त्याखाली ते मरतात. वाहत्या, सावलीच्या, वाळूच्या नदीला थोडी घाण पचविता येते. बंधाऱ्यांनी अडविलेल्या, जलपर्णीने झाकलेल्या, उपसून संथ केलेल्या नदीला ती पचत नाही. कारखाने आणि पालिका घाण सोडतात हा गुन्हा आहेच. पण नदीची पचनशक्ती आधीच हिरावून घेतली गेली, हा त्याच्यामागचा दुसरा गुन्हा आहे.

पुराचेही तसेच. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन साली सांगली बुडाली. २०१९ साली आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे दगावली. अतिवृष्टी हे या पुराचे मुख्य कारण होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि पूरक्षेत्रातील भराव आणि बांधकामांनी पाण्याची जागा बळकावली आहे, ही गोष्टही लपून राहिलेली नाही. ज्या गावाच्या शिवेवर वर्षातील बहुतेक महिने कोरडी दिसणारी येरळा येऊन मिळते, तेच गाव पुरात बुडते. दुष्काळ आणि पूर हे दोन वेगळे शत्रू नव्हेत. पाणी धरून ठेवण्याचे व पसरविण्याचे काम नदीकडून काढून घेतले, की तीच नदी उन्हाळ्यात कोरडी पडते आणि पावसाळ्यात अंगावर येते.

घनमीटरचे अर्थशास्त्र

मग पुनरुज्जीवनाच्या नावाखाली पोकलेनच का येतो? उत्तर सोपे आहे : जे मोजून देयक काढता येते, तेच काम केले जाते. खोदलेली माती घनमीटरमध्ये मोजता येते. डोहात किती मासे तगले, वाळूने किती नत्र पचविले, वैशाखात काठच्या विहिरीला किती हात पाणी राहिले, याचा दर कोणत्याही दरसूचीत नाही. म्हणून माती खोदली जाते.

येथे भूगर्भाचे एक साधे सत्य विसरले जाते. आपला मुलूख काळ्या कातळाचा आहे. मातीखाली मुरूम, त्याखाली भेगांचा खडक आणि त्याखाली अभेद्य पाषाण. भूजल असते ते मुरमात आणि भेगांत. पात्रात साचलेला गाळ काढणे ही एक गोष्ट आणि पात्र मुरमात व खडकात खोल उतरविणे ही निराळी गोष्ट. नदीचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली गेला, की नदी विहिरींना पाणी देत नाही. उलट विहिरींचेच पाणी ओढून घेते. जे पाणी मातीच्या पांघरुणाखाली सुरक्षित होते, ते उघड्यावर येऊन उन्हात उडते. पात्र भरलेले दिसते, छायाचित्र चांगले येते आणि दोन शेतांपलीकडचा, बोअरसाठी पैसे नसलेला अल्पभूधारक आपल्या आटलेल्या विहिरीत डोकावत राहतो. याला पुनरुज्जीवन म्हणावयाचे असेल तर ते कोणाचे?

त्याशिवाय सरळ, रुंद, एकसारख्या खोलीच्या चरात डोह उरत नाही, उथळ खळखळ उरत नाही, वळण उरत नाही. जेथे सगळीकडे एकच खोली, तेथे एकाच प्रकारचे जीव. म्हणूनच अशा पात्रांत मरळ आणि वाम नाहीशी होते आणि कोठेही जगणारी चिलापी माजते. काठावरची झाडे यंत्राला वाट करून देण्यासाठी तुटतात. काढलेला गाळ काठावरच रचला जातो आणि पहिल्या पावसात पुन्हा पात्रात येतो. मग पुढील वर्षी पुन्हा गाळ काढण्याचा कार्यक्रम! ठेकेदारीला याहून शाश्वत विकास कोणता हवा?

ही टीका नवीन नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातील अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालाने सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी उंचावण्यात हे अभियान फारसे यशस्वी झाले नाही, असा ठपका ठेवला. तरीही २०२३ साली अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. चुकीच्या औषधाने रोगी बरा झाला नाही, म्हणून त्याच औषधाची दुसरी बाटली!

अग्रणीकाठच्या लोकांचा येथे अवमान करावयाचा नाही. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळानंतर खानापूर, तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतील सामान्य शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, श्रम दिले, आपली विसरलेली नदी शोधून काढली. लोकांनी नदीला नदी म्हणून पुन्हा ओळखले, हीच त्या प्रयत्नाची मोठी कमाई होय. प्रश्न आहे तो त्या लोकशक्तीला यंत्राच्या भाड्यात आणि साठ्याच्या आकड्यात जिरवून टाकणाऱ्या धोरणाचा. आणि तिच्या काठी पाणी वाढले तेव्हा ते कोणाच्या द्राक्षबागेत आणि कोणाच्या शेततळ्यात गेले, हा प्रश्न विचारला न गेल्याचा.

उपसा पाण्याची नदी

दुसरा भ्रम याहून गोड आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू, जिहे-कठापूर या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी पूर्वेकडे आले. ते येरळेत आणि अग्रणीत सोडले जाते. जिहे-कठापूरचे पाणी नेरच्या तलावात येते आणि तेथून बोगद्याने माणगंगेवरील आंधळी धरणाकडे जाते. हे पाणी कोणाची मेहेरबानी नव्हे. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांतील कष्टकऱ्यांनी जो लढा दिला, त्याचे ते फळ आहे. त्या लढ्यासमोर आपण नतमस्तकच असावयास हवे.

परंतु लढून मिळविलेले पाणी नदीत सोडले म्हणजे नदी जिवंत झाली, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पंप चालू असेतो वाहणारी आणि पंप बंद होताच थांबणारी नदी हा मातीचा कालवा होय. कालव्याला ऋतू नसतो, नदीला असतो. मासा अंडी घालतो ते पहिल्या पुराच्या खुणेवर; वीजमंडळाच्या वेळापत्रकावर नव्हे. या योजनांच्या वीजदेयकापैकी १९ टक्के शेतकऱ्यांनी आणि ८१ टक्के शासनाने भरावयाचे असे धोरण आहे. म्हणजे या पाण्याच्या प्रत्येक थेंबात सर्व जनतेचा पैसा आहे. भूमिहीन मजुराचाही आहे. मग तो थेंब केवळ काठावर मोटर बसविण्याची ऐपत असलेल्याच्या उसात का जावा? नदीत सोडलेले पाणी हे सर्वात सोयीचे खाजगीकरण आहे. पाणी सार्वजनिक पात्रातून वाहते आणि खाजगी नळीतून निघून जाते, कोणाच्या नोंदीत न येता!

आणि ऊस आला की त्याच्यामागोमाग काय येते, हे वाळवा-मिरजेच्या क्षारपड जमिनींना विचारावे. नदी आधी कोरडी मारली होती. आता ती खत, क्षार आणि मळी घालून ओली मारली जाईल. पूर्वभागाने पश्चिमभागाचे पाणी घ्यावे, त्याचा रोग घेऊ नये.

जगाचा अनुभव काय सांगतो?

नदीचा आकार बदलला म्हणजे नदीचे काम सुधारते, ही समजूत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत या विषयावर अमाप पैसा खर्च झाला आहे. एमिली बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तेथील ३७ हजारांहून अधिक नदी-सुधार प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा केवळ १० टक्क्यांच्या आसपास प्रकल्पांत पुढे काय झाले याचे मोजमाप झाल्याची नोंद सापडली. मार्गारेट पामर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अशा ७८ प्रकल्पांचा आढावा घेतला. ओढ्यात दगड टाकले, वळणे कोरली, तळ विविध केला; पण तळाच्या जीवसृष्टीत वाढ झाल्याचे आढळले ते अवघ्या दोन ठिकाणी. कारण उघड होते. वरच्या पाणलोटातून येणारे पाणीच बिघडलेले असेल, तर पात्राची रंगरंगोटी करून जीव परत येत नाहीत.

मग सारेच व्यर्थ आहे काय? तसेही नाही. फ्लोरिडातील किसिमी नदीचे उदाहरण घ्या. १९६२ ते १९७१ या काळात तेथील लष्करी अभियंत्यांनी १६६ किलोमीटरची ही नागमोडी नदी पूरनियंत्रणासाठी ९० किलोमीटरच्या सरळ, खोल कालव्यात बदलली. पूरमैदाने सुकली, पक्षी गेले, पाण्यातील प्राणवायू घटला. पुढे त्याच अभियंत्यांना तो कालवा मातीने बुजवावा लागला. १९९९ साली सुरू झालेले ते काम २०२१ साली पूर्ण झाले. नदीच्या एका मोठ्या भागात जुनी वळणे पुन्हा वाहू लागली, पुराचे पाणी काठावर पसरू लागले, प्राणवायू वाढला, पाणपक्षी परतले. जे काम आपण पुनरुज्जीवन म्हणून आज करीत आहोत, तेच काम बुजवून त्यांना पुनरुज्जीवन करावे लागले, हा यातील बोध! युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या निसर्ग-पुनर्स्थापनेच्या कायद्यातही २०३० पर्यंत २५ हजार किलोमीटर नद्यांचा प्रवाह मोकळा करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेथेही पात्र किती खोल केले हा हिशेब नाही; नदी किती मोकळी झाली हा हिशेब आहे.

बळीराजाचा धडा

परंतु फ्लोरिडापर्यंत जाण्याची खरे तर गरजच नाही. येरळेच्याच काठी, खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडी या गावांच्या लोकांनी १९८० च्या दशकात जो प्रयोग केला, तो या साऱ्या प्रश्नाच्या मुळाला हात घालणारा होता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता. मुक्ती संघर्ष चळवळीने गावोगाव विज्ञान-जत्रा घेतल्या. लोकांनी आपल्या जमिनीची, पाण्याची, झाडझाडोऱ्याची पाहणी स्वतः केली. त्यांच्या ध्यानात आले की येरळेची वाळू ठेकेदार ट्रकांनी नेत आहेत आणि वाळूबरोबर आपले पाणीच निघून जात आहे. त्यांनी मागणी केली : ठेकेदारी बंद करा, आम्ही मर्यादित वाळू काढू, विकू आणि त्या पैशाला वर्गणीची व श्रमाची जोड देऊन स्वतःचे धरण बांधू. महसूल खात्याने आडकाठी केली. लोक झुंजले आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. भारत पाटणकर, संपतराव पवार यांसारखे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखा अभियंता त्यामागे होता.

धरणापेक्षा महत्त्वाचा होता तो वाटपाचा नियम. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबागणिक समान, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. ज्या येरळेच्या खोऱ्यात, कटगुणला, जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव आहे, त्या खोऱ्याने आपल्या धरणाला बळीराजाचे नाव द्यावे यात मोठे औचित्य होते. शेतातले पाणी आणि माती वाहून जाऊ नये म्हणून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, ही सूचना ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीरावांनी सरकारला केलेलीच होती.

बळीराजाही बांधच आहे आणि कोणताही बांध गाळ व मासे अडवितोच. त्या काळी नदीतील जीवसृष्टी हा चळवळीचा मुख्य विषय नव्हता. तथापि त्या लोकांना एक गोष्ट उमगली होती, जी आजच्या नियोजनकारांना उमगत नाही : वाळू ही नदीचा अवयव आहे, माल नव्हे. नदीचा अवयव किती काढावयाचा हे काठच्या लोकांनी ठरविले, तर ते मर्यादा घालतात, कारण उद्याही तेथेच राहावयाचे असते. ठेकेदाराला उद्या नसतो. त्याला लिलावाची मुदत असते. सामूहिक मालकी आणि नदीचे आरोग्य यांचा संबंध आहे तो असा. तो भाबडेपणाचा नव्हे, रोकड्या हिशेबाचा आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच गोटातून येईल : तहानलेल्या माणसाला आधी पाणी द्या, किडे-मासे मागाहून पाहू. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याची मांडणी चुकीची आहे. किडे-मासे आणि माणूस यांच्यात पाण्याची वाटणी करावयाची नाहीच. ज्या नदीत चतुराच्या अळ्या आणि मरळ जगते, त्याच नदीची वाळू वैशाखात पाणी देते. ज्या नदीत ते जगत नाहीत, तिचे पाणी प्यावयाचे तर विकतचे यंत्र लागते. श्रीमंताला नदी मेली तरी चालते. त्याच्याकडे बोअर, शेततळे आणि बाटली असते. नदीच्या कामावर खरोखर अवलंबून असतो तो काठचा गरीब, मासेमारी करणारा, शेळ्या राखणारा, घागर घेऊन जाणारी बाई. पर्यावरण हा भरल्या पोटीचा विषय आहे, असे म्हणणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

दुसरा आक्षेप असा की यंत्राशिवाय हे काम होणार नाही आणि पैसा कोठून आणावयाचा? पैसा आजही खर्च होतोच आहे. प्रश्न तो कशावर व कोणाच्या हाती, एवढाच आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. त्या कल्पनेचा पहिला प्रयोग याच भूमीत झाला आणि महाराष्ट्राने १९७७ साली तिला कायद्याचे रूप दिले. पाणलोटातील समतल चर, ओढ्यांवरचे दगडी बांध, काठावरची लावण आणि तिची पाच वर्षांची राखण ही माणसांच्या हातांनी करावयाची कामे आहेत. पोकलेनने पंधरा दिवसांत उरकलेले काम ठेकेदाराला पोसते. हातांनी पाच वर्षे चाललेले काम गावाला पोसते.

काय मागावयाचे?

तेव्हा ‘आमच्या नदीत पाणी सोडा’ एवढ्या मागणीवर आपल्या कार्यकर्त्यांनी थांबू नये. पुढील मागण्या प्रत्येक ग्रामसभेत ठरावरूपाने आल्या पाहिजेत.

एक : पात्रातील गाळ काढताना मुरूम व खडक फोडण्यास मनाई असावी, डोह, वळणे आणि काठची झाडे नकाशावर नोंदवूनच काम सुरू व्हावे.

दोन : वाळूचा लिलाव बंद करून दरवर्षी पुराबरोबर किती वाळू येते हे मोजावे आणि त्याहून कमी वाळू, तीही ग्रामसभेच्या निर्णयाने, स्थानिक गरजेपुरतीच काढावी.

तीन : धरणे व उपसा योजनांच्या पाणीवाटपात नदीचा स्वतःचा वाटा असावा. पावसाळ्याच्या आरंभी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे वेळेवर निघावेत, की मासे वर चढू शकतील.

चार : पुराच्या निळ्या व लाल रेषांत भराव नको. वर्षानुवर्षे कृष्णेत मिसळत आलेल्या सांगलीच्या शेरी नाल्यासारख्या प्रत्येक नाल्याचे आणि प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याचे मोजमाप जाहीर फलकावर लागावे.

पाच : सार्वजनिक पैशाने आलेले पाणी कुटुंबागणिक समान वाटले जावे, भूमिहीनांना आणि एकट्या स्त्रियांना त्यात हक्क असावा आणि त्यावर ऊस लावण्यास बंदी असावी.

सहा : पुनरुज्जीवनाचे यश घनमीटरमध्ये मोजणे थांबवावे. वैशाखातील विहिरींची पातळी, पाण्यातील प्राणवायू, तळाचे कीटक आणि माशांच्या जाती यांची नोंद गावातील शाळा-महाविद्यालयांनी दरवर्षी करावी व ती ग्रामसभेत वाचली जावी. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक जाळी, एक दोरी, थोडी रसायने आणि शिकण्याची इच्छा लागते.

यातील शेवटची मागणी सर्वात साधी दिसते आणि सर्वाधिक विरोध तिलाच होईल. कारण आकडे ज्याच्या हाती, त्याच्या हाती नदी. आजवर आकडे अभियंत्याच्या वहीत आणि ठेकेदाराच्या देयकात होते. ते ग्रामसभेच्या फळ्यावर आले, की भरलेल्या पात्राचे छायाचित्र दाखवून कोणाला मते मागता येणार नाहीत. त्याला विचारले जाईल : चैत्रात विहिरीला किती पाणी होते, आणि कोणाच्या?

प्रतिसरकारच्या या मुलखाला सत्तेला प्रश्न विचारण्याचे वावडे कधीच नव्हते. दुष्काळाविरुद्ध लढून या लोकांनी पाणी मिळविले. आता त्याच पाण्याने नदी मारली जाऊ नये, हा लढ्याचा पुढचा टप्पा आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी येरळा, अग्रणी आणि माणगंगेच्या काठच्या प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती नदी पायी चालून पाहावी, डोह आणि वाळू यांची नोंद करावी आणि ती घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. यंत्रापुढे नारळ फुटण्याआधी ही वही लोकांपुढे उघडली गेली पाहिजे.